डान्स फ्लोअर गेला कुठे?

जुनी_कॅसेट | रविवार, दुपारी १२:१०

काल रात्री बारा-तेरा वर्षांनी क्लबात गेलो. (पत्त्यांच्या नव्हे, तो आमच्या आजोबांनी पुरेसा केला.)

पुतणी पंचवीस वर्षांची झाली. आपल्याकडे बिअर एकविसाव्या वर्षी आणि बाकीची दारू पंचविसाव्या वर्षी कायदेशीर होते, म्हणून तिच्या ग्रुपमध्ये हा वाढदिवस मुंजीसारखा साजरा करतात. "काका, तू डीजे होतास ना, चल," म्हणाली. होतो. २००३ ते २०११, पुण्यात, शुक्रवार-शनिवार. दिवसा हडपसरला एका छापखान्यात हिशेब लिहायचो. आईला शेवटपर्यंत वाटायचं की मी वरातीत वाजवतो. वरातीत पैसे जास्त मिळतात, हे तिचं म्हणणं मात्र खरं होतं.

जागा तीच, नाव चौथं. आत शिरल्यावर पाय आपोआप डावीकडे वळले, कारण फ्लोअर डावीकडे होता. लाकडी, साधारण वीस बाय पंचवीस फूट. कोपऱ्यातली एक फळी सैल होती, बेस वाजला की खुळखुळायची. तिथे आता उंच टेबलं. मोजली, अकरा. प्रत्येकावर राखीवची पाटी आणि बर्फाची बादली. वेटर मधून आडवे होऊन जात होते. आम्ही सात जण, आमच्या टेबलाचं किमान बिल वीस हजार. कुणी महागडी बाटली मागवली की दिवे मंद करून, बाटलीला फुलबाजी लावून, चार पोरं ती मिरवत आणत. सगळे मोबाईल तिकडे वळत. फुलबाजी विझली की सगळे पुन्हा आपापल्या टेबलाशी उभे, मान हलवत. मान हलवणे म्हणजे आताचा नाच.

डीजे पोरगा हाताचा पक्का होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण एकही गाणं दीड-पावणेदोन मिनिटांच्या वर टिकलं नाही. आम्हाला अकरा वाजता रिकामा फ्लोअर मिळायचा, तो भरणं हीच नोकरी. आधी ओळखीचं, संथ काहीतरी. मग कुठल्या तरी हॉस्टेलच्या तीन मुली पर्सेस मध्ये ठेवून गोल करायच्या. त्या तिघींवर पुढची रात्र उभी. त्यांना सांभाळत, कळणार नाही इतका वेग वाढवत न्यायचा. साडेबारापर्यंत भिंतीला टेकलेला शेवटचा माणूससुद्धा आत आलेला असायचा.

काल सव्वा वाजता ढणाढणा ट्यूबलाइटी लागल्या आणि बिलाचं मशीन फिरायला लागलं.

आता सांगा, हे माझं वय बोलतंय की खरंच काही बदललंय?

चीज_पोहे | दुपारी १२:२२

वय. (हलके घ्या.)

बारमागचा_हिशेब | दुपारी १:०५

कॅसेटराव, या धंद्यात मला पंधरा वर्षं झाली, आधी पुणे, आता मुंबई. फ्लोअर आम्हीच काढला. का, ते सांगतो.

नाचणारा माणूस पितो काय? पाणी. तेही बारवर येऊन फुकटचं. तुमच्या वीस बाय पंचवीसमध्ये शंभर माणसं नाचायची, कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशाचे पैसे देऊन आत आलेली, त्याच्या कूपनात दोन ड्रिंक्स की विषय संपला. त्याच जागेत अकरा टेबलं म्हणजे सत्तर-ऐंशी माणसं, पण वसुली आगाऊ ठरलेली. कुणी प्यायलं नाही तरी किमान बिल लागतंच.

दुसरं, वेळ. दीडला बंद म्हणजे एकला लास्ट ऑर्डर. पब्लिक येतं साडेदहा-अकराला. म्हणजे शुक्रवार-शनिवार मिळून चार-पाच तासांत आठवडाभराचं भाडं काढायचं. अकरा ते साडेबारा हळूहळू फ्लोअर भरायला आता वेळ कुणाला आहे? पोरगा दीड मिनिटात गाणं बदलतो तो त्याचा अडाणीपणा नाही. प्रत्येक टेबलाला आपलं गाणं आल्यासारखं वाटलं पाहिजे, असं त्याला वरून सांगितलेलं असतं.

त्यात परमिट रूमवरचा व्हॅट ५ वरून १० टक्क्यांवर गेला, लायसन्स फी वाढली, २०२५ मध्ये भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढलं. १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवले होते ते हौसेने नाही.

आणि कुणी 'चोवीस तास मुंबई'चं तुणतुणं वाजवण्याआधी: २०२० च्या जानेवारीत मॉल आणि मिल कंपाउंडांना (बंद गिरण्यांच्या आवारातली हॉटेलं, पब) रात्रभर परवानगी मिळाली, तेव्हाही दारू दीडलाच थांबणार होती. २७ जानेवारीला सुरुवात झाली आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा स्पष्ट केलं की दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतील. दारूची ठिकाणं सोडून. म्हणजे पहाटे तीन वाजता तुम्हाला इस्त्री विकत घेता येईल, बिअर नाही.

सातव्या_मजल्याची_खिडकी | दुपारी २:४०

इथे सगळे आतल्या बाजूने बोलताय, मी बाहेरून बोलते.

लोअर परळ. सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. पुनर्विकासात आम्हाला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी नेमकी एका मिल कंपाउंडकडे. सासरे म्हणायचे, गिरणीचा आवाज चोवीस तास होता पण त्याची झोप लागायची, कारण तो एकसारखा होता. हा पबांचा तसा नाही. गाणं ऐकू येत नाही, शब्द येत नाहीत, फक्त धप्प धप्प छातीत येतं. मांडणीवरच्या फुलपात्रांची कड वाजते. मी रात्री उठून त्यांच्यामध्ये फडकं घालून ठेवते.

नियम सगळ्यांना पाठ आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. तक्रार केली की पोलिसांची गाडी येते, गाडी येईपर्यंत आवाज कमी होतो, गाडी गेली की वाढतो. त्या गाडीचं कुणाला आधी कळतं, ते बारमागच्या हिशेबवाल्यांनी सांगावं.

आणि २९ डिसेंबर २०१७. कमला मिल. मध्यरात्र उलटून गेली होती, गच्चीवरच्या पबला आग लागली. चौदा माणसं गेली, बरीचशी बाथरूममध्ये गुदमरून. त्या रात्री आमच्या अख्ख्या मजल्यावरची माणसं जिन्यात उभी होती. तोपर्यंत मी त्या पोरांना मनातल्या मनात रोज शिव्या द्यायचे. तुमचा फ्लोअर गेला त्याचं वाईट वाटतंय, खरंच. पण बाहेर पडायची वाट किती रुंद होती, हेही कधीतरी मोजा.

जुनी_कॅसेट | दुपारी ३:१५

ताई, खरं सांगतो, आठ वर्षांत एकदाही मोजली नाही. आमच्याकडे मागचं दार होतं, त्याला कुलूप असायचं. फुकटे शिरू नयेत म्हणून. किल्ली कॅशिअरकडे.

बारमागचा_हिशेब | दुपारी ३:३०

गाडीच्या प्रश्नावर मौन बाळगतो, समजून घ्या.

कटिंग_दोन | दुपारी ४:०२

चर्चा छान चाललीय, पण तुम्ही सगळे 'क्लब' म्हणताय तेव्हा एका वर्गाचीच रात्र डोळ्यांसमोर आहे. २००५ मध्ये याच राज्याने डान्स बार बंद केले. कायदा नीट आठवा: साध्या बारमध्ये नाच बंद आणि तीन तारे किंवा त्यावरच्या हॉटेलांत चालू. तोच नाच, बिल जास्त असलं की अश्लील राहत नाही. हायकोर्टाने २००६ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये हाच भेदभाव दाखवून बंदी उडवली. मग नवा कायदा, नव्या अटी, त्यातल्या बऱ्याच २०१९ मध्ये कोर्टाने पुन्हा सैल केल्या. तोवर पनवेल ते दहिसर सगळ्या मुली पांगल्या होत्या.

मी त्या काळात एका बारसमोर टपरी चालवायचो. पहाटे मुली रिक्षा यायच्या आधी चहा घ्यायच्या, पायातले घुंगरू पिशवीत. 'नाईटलाइफ' हा शब्द तेव्हा कुणी त्यांच्यासाठी वापरला नाही.

पेठेतला | दुपारी ४:२०

पुण्याबद्दल बोलायचं तर मे २०२४ च्या आधीचं आणि नंतरचं असे दोन भाग करा. १९ मे च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडीवर सतरा वर्षांचा मुलगा असल्याचं पोलिसांचं म्हणणं. त्यानंतर ओळखपत्राशिवाय आत कुणी घेईना आणि दीड म्हणजे दीड. माझा चेहरा त्रेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल आहे, तरी आधार कार्ड मागितलं. सुखावलो.

शेवटची_लोकल | संध्याकाळी ६:५०

कॅसेटदादा, तुमच्या त्या 'तीन मुलीं'पैकी मी एक असू शकते. पुणे नाही, मुंबई, पण हॉस्टेल, पर्सेस मध्ये, गोल, सगळं तेच.

बुधवारी लेडीज नाइट. मुलींना प्रवेश फुकट, ड्रिंक फुकट, आणि मुलगे दाराशी कव्हर भरून रांगेत. तेव्हा भारी वाटायचं. आपण गिऱ्हाईक नसून जाहिरात आहोत, हे बऱ्याच उशिरा डोक्यात शिरलं. पर्सेसचा गोल हा काही नाचाचा प्रकार नव्हता, ती तटबंदी होती. पाठीला पाठ लावून नाचायचं, म्हणजे मागून कुणी यायला नको.

आणि परत जायचं कसं? शेवटची लोकल एकच्या सुमाराला, पहिली चारनंतर. तीन तास आम्ही कुठे काढले असतील सांगा. मरीन ड्राइव्हचा कठडा, भुर्जीपावची गाडी, एकदा तर चर्चगेटच्या बाहेर पेपरवाले गठ्ठे सोडत होते तिथे त्यांच्याबरोबर पुरवण्या घातल्या. सकाळच्या डब्यात कामाला निघालेल्या बायका आमच्या चेहऱ्यावरची चमकी बघायच्या आणि सरकून जागा द्यायच्या.

आता माझी भाची टेबल बुक करून जाते. बाउन्सर बाई असते, गाडी दारात येते, लोकेशन आईच्या फोनवर. मला ते टेबल आवडतं. टेबल ही तिची तटबंदी आहे. फरक इतकाच की तिला शूटिंगची भीती वाटते, जी आम्हाला नव्हती. ती म्हणते, मावशी, वेडंवाकडं नाचलं तर सोमवारी ऑफिसात व्हिडिओ पोचलेला असतो. मग मान हलवणं परवडतं.

जुनी_कॅसेट | संध्याकाळी ७:३०

हे वाचून जरा वेळ गप्प बसलो. वरून आम्हाला तो गोल फार सुंदर दिसायचा हो.

वऱ्हाडी_बर्लिनात | रात्री ९:१०

शूटिंगवरून लिहितो. इथल्या बऱ्याच क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, पुढचा आणि मागचा, दोन्ही. काढलेला दिसला की बाहेर. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, काय हा ताठा. आत गेल्यावर कळलं. साठीचे आजोबा शर्ट काढून नाचत होते अन् कुणाचं लक्षही नव्हतं. मी अमरावतीच्या गणपतीनंतर पहिल्यांदा असा नाचलो.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव करून क्लबांना नाटकगृहं, ऑपेरा यांच्यासारखं सांस्कृतिक ठिकाण मानावं म्हटलं. २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री वॉटरगेट बंद झाला, वीस-बावीस वर्षांचा, नदीकाठचा नावाजलेला क्लब. भाडं, खर्च, घटलेली गर्दी. वारसा म्हणून हार घालायचा आणि जागेचं भाडं वाढवायचं. आपल्याकडच्या वाड्यांसारखंच झालं की हे.

खिडकीताईंच्या मुद्द्यावर: इथे क्लबवाल्यांना ध्वनिरोधनासाठी सरकारी मदत देणारी योजना २०१८ मध्ये निघाली. आणि शेवटच्या लोकलवाल्या ताईंसाठी: शुक्रवार-शनिवार रात्रभर मेट्रो चालते. माझ्या मते इथल्या रात्रीचं गुपित दारूत नाही, त्या मेट्रोत आहे.

हणजूणचो | रात्री ९:४५

आमच्याकडे उलटं झालं. फ्लोअर होता तो वाळूचा, त्याला ना भाडं ना दार. हणजूण, वागातोरला पौर्णिमेच्या पार्ट्या व्हायच्या तेव्हा माझी आई चटई टाकून चहा आणि ऑम्लेट-पाव विकायची, रॉकेलच्या दिव्यावर. गावातल्या कितीतरी बायका विकायच्या. सकाळी सूर्य वर आल्यावर ती चटई झटकून यायची, त्या पैशांत माझी फी भरली. आवाजाचा त्रास तेव्हाही होता, पण तो महिन्यातून चार रात्री, आणि त्यातला वाटा गावात राहायचा.

मग दहानंतर उघड्यावर संगीत बंद. पाळोळ्याला हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. लांबून बघाल तर हसू येतं, चारशे माणसं नाचतायत आणि आवाज फक्त पायांखालच्या वाळूचा. बाकी धंदा भिंतींच्या आत गेला, डोंगरावर, शेतात, खाजणात. मालक बाहेरचा, गिऱ्हाईक बाहेरचं, कामगारही बाहेरचे.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याला (अर्पोरा) क्लबाला आग लागली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पंचवीस जीव गेले. त्यांत पर्यटक थोडे, बहुतेक तिथेच राबणारी पोरं, बाहेरच्या राज्यांतली, नेपाळातली. वर लोक नाचत होते, खाली स्वयंपाकघर होतं. कॅसेटबाब, तुमच्या मागच्या दाराच्या किल्लीबद्दल वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. रागावू नका.

जुनी_कॅसेट | रात्री १०:०५

रागावत नाही. लिहिलं तेव्हा मलाही झोंबलं होतं.

ओव्हरसाईज_टीशर्ट | रात्री ११:३०

वय २३. सगळे काका-मावशी छान लिहितायत, पण आम्ही कुठे गेलो हे कुणी आम्हाला विचारलंच नाही.

आम्ही सकाळी नाचतो. रविवारी दहा वाजता, कॅफेत. टेबलं भिंतीला लावायची, डीजे काउंटरच्या मागे, हातात आइस्ड कॉफी, एक वाजता संपतं. तिकीट पाचशे, त्यात कॉफी. दारू नाही म्हणून वयाची कटकट नाही, पंचविशीची वाट बघायची नाही. घरी खोटं बोलावं लागत नाही. सोमवारी डोकं दुखत नाही. वीस हजारांचं टेबल ज्यांना परवडतं त्यांनी जावं. माझा पगार अठ्ठावीस आहे आणि रूमचं भाडं नऊ.

आता हसणार तुम्ही. आमचे बाबाही हसले, "सकाळी सकाळी कसला डान्स?" मी म्हटलं, दिवाळी पहाटेला साडेपाच वाजता अत्तर लावून, नटूनथटून गाणं ऐकायला कोण जातं? गप्प बसले.

चीज_पोहे | रात्री ११:३४

दिवाळी पहाट!! मेलो. दंडवत घ्या.

पेठेतला | रात्री ११:५०

इन्स्टावर टाकण्यापुरती फॅशन आहे ही, सहा महिन्यांत ओसरेल. आणि नाच म्हणाल तर तो गेलेला नाही, रस्त्यावर आलाय. विसर्जनाला लक्ष्मी रोडच्या आसपास या, आख्खं पुणं फ्लोअर असतं. स्पीकरच्या भिंतीपुढे तीन तास नाचणाऱ्या पोरांना कुणी कव्हर चार्ज मागत नाही.

सातव्या_मजल्याची_खिडकी | सोमवार, सकाळी ७:१५

पेठेतले, तो 'फ्लोअर' ज्यांच्या दवाखान्याखालून जातो त्यांना विचारा. असो. टीशर्ट, तुझं सकाळचं मला पटलं. रात्र आम्हाला परत दे, दिवस तू घे.

बारमागचा_हिशेब | सकाळी ११:००

पाचशेत कॉफीसकट? कॅफेवाल्याला काय सुटतं त्यात? दोन कॉफ्या जास्त खपल्या तर खपल्या. पण एक खरं, रविवारी सकाळी तसंही काउंटर रिकामंच असतं, तेवढी जागा वाजली तर वाजली. आमच्या मालकाने पण परवा विचारलं, दुपारी चार ते नऊ काही करता येईल का. म्हणजे वास लागलाय.

जुनी_कॅसेट | पुढच्या रविवारी, दुपारी ३:२०

धागा वर काढतो, कारण आज जाऊन आलो. टीशर्टने निरोपात पत्ता दिला होता. कोथरूडजवळचा एक कॅफे, तळमजला, बाहेर चपलांचा ढीग. कारण मालकाने आदल्या दिवशी फरशी पुसून घेतली होती. मुंजीला आल्यासारखं वाटलं.

आत चाळीस-पन्नास पोरं. एक आई कडेवर बाळ घेऊन, बाळाच्या कानांना ते मोठे कानबंद. कोपऱ्यात दोन बायका माझ्या वयाच्या, योगाच्या क्लासवरून थेट आलेल्या, चटया गुंडाळून काखेत. डीजे मुलगी होती, एकवीस-बावीसची. तिने पहिला अर्धा तास कुणालाच घाई केली नाही. एक गाणं सहा मिनिटं चाललं, मी घड्याळ लावून बघितलं. साडेदहाला तीन मुली मध्ये आल्या. पर्सेस खाली ठेवल्या नाहीत, ठेवायला पर्सेसच नव्हत्या. एकमेकींकडे पाठही केली नाही. हे शेवटच्या लोकलवाल्या ताईंसाठी मुद्दाम लिहितोय.

फोन निघत होते, नाही असं नाही. पण वर धरलेले हात खाली यायचे.

अकरा-साडेअकराला भिंत रिकामी झाली. मी आणि कॉफी करणारा पोरगा, दोघेच उरलो होतो. तो दूध फेसाळताना तालावर झाकण वाजवत होता. मग त्याने ॲप्रन काढला.

मी नाचलो का, ते विचारू नका. गुडघ्याला आत्ता बर्फ लावून बसलोय.

जाताना पाहिलं: मागे दार होतं, उघडं, आणि त्याला टेकवून दुधाचा क्रेट ठेवला होता.

शेवटची_लोकल | दुपारी ३:४१

वाचलं. थँक्यू.

सातव्या_मजल्याची_खिडकी | दुपारी ४:०५

वरच्या मजल्यावर कोण राहतं?

जुनी_कॅसेट | दुपारी ४:२०

विचारलं होतं ताई. एक निवृत्त शिक्षक. बारा वाजता खाली आले, मला वाटलं आता आवाज बंद करायला लावतात. म्हणाले, "बेस जरा कमी करा, बाकी चालू द्या," आणि फिल्टर कॉफी आहे का विचारलं. नव्हती. त्यावर मात्र ते बरेच चिडले.